निर्वासित मुलाची साक्ष: वळिवड्यापासून पडेगावपर्यंत

सीमा ओलांडून आलेल्या मुलाला आसरा द्यायचा की परत पाठवायचे, हे ठरवताना चार प्रश्नांची उत्तरे लागतात. मूल कोण आहे, त्याचे वय किती, ते कुठून आले, आणि परत पाठवले तर त्याच्या जिवाला किंवा स्वातंत्र्याला कशाचा धोका आहे. मोठ्या माणसाकडे निदान एखादे ओळखपत्र, एखादे पत्र, पोलिसांची एखादी नोटीस असते. मुलाकडे बहुधा यातले काहीच नसते. घर सोडायचे त्याने ठरवलेले नसते. कागद आईबापांकडे असतात किंवा वाटेत गेलेले असतात. घरावर काय संकट आले, हेही मोठ्यांनी जेवढे कानावर पडू दिले तेवढेच त्याला ठाऊक असते. अशा मुलाचा दावा तपासणाऱ्यापुढे तीन साधने उरतात: कुणीतरी केलेली नोंद, मुलाचे शरीर आणि मुलाचे बोलणे. यातल्या नोंदीवर सर्वांत आधी विश्वास टाकला गेला, शरीरावर त्यानंतर आणि बोलण्यावर सर्वांत शेवटी. महाराष्ट्रातला गेल्या ऐंशी वर्षांचा अनुभव पाहिला तर हा क्रम मुलांना न्याय देणारा ठरला नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या छावणीकडून दौलताबाद-वेरूळच्या रस्त्याला लागले की पडेगाव येते. आज ते महापालिकेच्या हद्दीत आहे. १९४८ पर्यंत ते निजामाच्या हैदराबाद संस्थानातले, औरंगाबाद जिल्ह्यातले एक खेडे होते. अशा गावात जन्मलेल्या मुलाचे वय सिद्ध करणे हेच मुळात सोपे नव्हते. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत जन्म-मृत्यूच्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये होत. लोक त्याला ‘कोतवाल बुक’ म्हणतात. निजामाच्या मुलखातली जुनी दफ्तरे उर्दूत आणि मोडीत आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधू लागली तेव्हा ही दफ्तरे वाचण्यासाठी मोडी आणि उर्दू जाणणारी माणसे हुडकावी लागली. गावातच राहिलेल्या, कुठेही न गेलेल्या घराण्यांचा पुरावा शोधायला एवढा खटाटोप पडतो. ज्याचे गावच मागे राहिले त्या मुलाची गत यावरून कळावी.

जिथे नोंद नव्हती तिथे वय आठवणीने मोजले जाई. ‘पोलीस ॲक्शनच्या साली हा रांगत होता’, ‘बहात्तरच्या दुष्काळात ही पोटात होती’, अशी वये मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांनी कित्येक कचेऱ्यांत सांगितली आहेत. हैदराबाद संस्थान भारतात आणणारी ही पोलीस कारवाई १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत झाली. त्यामुळे असे सांगणे वाटते तेवढे मोघम नसते; एखाद-दुसऱ्या वर्षाच्या फरकाने वय त्यातून निघते. शाळेच्या जनरल रजिस्टरला मात्र दिवस, महिना आणि साल असे तिन्ही रकाने भरून लागतात. जूनमध्ये शाळा सुरू होई, पोराला बखोटीला धरून आणले जाई, आणि गुरुजी त्याच्याकडे पाहून अंदाजाने साल धरीत व पुढे १ जून लिहीत. राज्यातल्या किती माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो आणि दर वर्षी ३१ मे रोजी किती कर्मचारी एकाच वेळी निवृत्त होतात, हे सरकारी नोकरीतल्या कुणालाही सांगावे लागत नाही. या तारखेत लबाडी नाही. रकाना रिकामा राहू नये म्हणून ती पडली. पण एकदा दाखल्यावर आली की आईच्या आठवणीपेक्षा तिचेच वजन जास्त होते. परक्या देशातून आलेल्या मुलाच्या कागदावरची तारीख अशीच पडलेली असू शकते, ही शक्यता तपासणाऱ्याने सुरुवातीपासून मनात धरायला हवी.

परदेशी निर्वासित मुलांचा प्रश्न महाराष्ट्रात ठळकपणे उभा राहिला तो दुसऱ्या महायुद्धात. १७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये घुसल्या. फेब्रुवारी १९४० ते जून १९४१ या काळात चार लाटांमध्ये लाखो पोलिश माणसांना मालगाड्यांत भरून सायबेरिया, कझाकस्तान आणि उत्तरेकडच्या जंगलांत नेऊन टाकण्यात आले. पुढे जर्मनीने रशियावर हल्ला केला, ३० जुलै १९४१ रोजी सिकोर्स्की-मायस्की करार झाला आणि या कैद्यांना सुटकेची वाट मिळाली. १९४२ मध्ये एक लाखाहून अधिक पोलिश सैनिक आणि नागरिक इराणमध्ये उतरले. मुलांचा एक काफिला मात्र अश्गाबादहून मशहद, झाहेदान, क्वेट्टा अशा खुष्कीच्या मार्गाने निघाला आणि एप्रिल १९४२ मध्ये मुंबईला वांद्र्यात येऊन थांबला. दीडशेहून अधिक मुले त्यात होती. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडीला त्यांच्यासाठी छावणी उभारली. पुढच्या वर्षी, १९४३ मध्ये, कोल्हापूरजवळ वळिवडे येथे त्याहून कितीतरी मोठी वसाहत सुरू झाली. तिथे सुमारे पाच हजार पोलिश माणसे राहिली. त्यांत बहुतेक बायका आणि मुलेच होती. छावणीत शाळा, चर्च, दवाखाना, स्काउटची पथके असे सगळे होते. छातीचा आजार जडलेल्या मुलांना पाचगणीच्या हवेत पाठवले जाई.

या मुलांजवळ जन्माचे दाखले क्वचितच होते. ती कोण, कुठली, हे सांगणारा मुख्य कागद म्हणजे अनाथालयांच्या चालकांनी आणि सोबतच्या शिक्षिकांनी केलेल्या याद्या. या याद्या कशा झाल्या, हे समजून घेण्यासारखे आहे. भूक आणि टायफसने माणसे पटापट मरत होती. बाहेर निघणाऱ्या गाडीत आधी जागा मिळे ती अनाथालयातल्या मुलांना. म्हणून कित्येक आयांनी पोटची पोरे अनाथालयाच्या दारात आणून सोडली आणि ‘आई नाही म्हणून सांग’ असे त्यांना बजावले. काही मुलांचे वय प्रवेशाच्या मर्यादेत बसावे म्हणून कमी सांगितले गेले. काही पोरगेल्या मुलांनी सैन्यात किंवा कॅडेट पथकात शिरता यावे म्हणून ते वाढवून सांगितले. नावांचे स्पेलिंग रशियन कारकुनाने एक केले, इराणमधल्या कारकुनाने दुसरे.

या याद्या कडक चाळणीने तपासल्या असत्या, तर अनाथ म्हणून नोंदलेल्या मुलाला आई आहे असे कुठे ना कुठे उघड झाले असते आणि मूल खोटे बोलते असा शेरा पडला असता. शेरा शब्दशः खरा ठरला असता. तरीही मुलाला रात्रीतून घराबाहेर काढले, मालगाडीत घातले, बर्फात उपाशी ठेवले, यातले काहीच खोटे नव्हते. मुलाच्या दाव्यातले एक विधान खोटे निघाले म्हणून दावा खोटा ठरत नाही. ते खोटे कुणी सांगायला लावले, कशासाठी, आणि दाव्याच्या गाभ्याला त्याने काही धक्का लागतो का, हे पाहावे लागते. पोलिश मुलांच्या बाबतीत हे पाहायची गरज पडली नाही, कारण त्यांना घ्यायचे आधीच ठरले होते. प्रत्येक मुलाची स्वतंत्र चौकशी करून आसरा देण्याची पद्धत पुढे रूढ झाली तेव्हा हाच मुद्दा अवघड होऊन बसला.

या मुलांनी स्वतः सांगितलेल्या हकिगतीही उपलब्ध आहेत. १९४२-४३ मध्ये इराण आणि पॅलेस्टाइनमधल्या पोलिश शाळांत मुलांकडून हद्दपारीविषयी निबंध लिहून घेतले गेले. पोलिश सेनापती अँडर्स यांच्या सैन्याच्या कागदपत्रांसोबत ते अमेरिकेतल्या हूव्हर संस्थेत पोचले. त्यातले एकशे वीस निबंध इरेना ग्रुजिन्स्का-ग्रोस आणि यान ग्रोस यांनी १९८१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. पुरावा म्हणून या निबंधांची मोठी किंमत आहे. पहिल्या हद्दपारीची तारीख, १० फेब्रुवारी १९४०, मुलांना पाठ होती, कारण सगळ्यांच्या तोंडी तीच होती. नंतरच्या महिन्यांचा हिशेब मात्र त्यांना देता येत नव्हता. दारावर थाप पडली तेव्हा काय शिजत होते, बरोबर काय घेऊ दिले, भाकरीचा तुकडा केवढा मिळे, कुठले भावंड कुठे गेले, हे ती नेमके सांगत. बापाला का धरले, या प्रश्नाला बापाने जे सांगितले असेल तेच उत्तर येई. मोठ्यांच्या साक्षीत नेमके जे शोधले जाते, कालक्रम, स्थळांची नावे, छळामागचा हेतू, तेच मुलांच्या सांगण्यात विरळ असते. कालक्रम चुकतो म्हणून मूल बनाव करते, असे मानणारा अधिकारी या निबंधांपैकी बरेचसे फेटाळून टाकील. सगळ्या मुलांच्या तोंडी एकच वाक्य एकाच शब्दांत आले, तर मात्र ते पढवलेले असण्याचा संशय घ्यायला जागा असते. वेगवेगळ्या मुलांनी वेगवेगळे तपशील सांगावेत आणि ते एकाच घटनेपाशी येऊन मिळावेत, हा त्यापेक्षा कितीतरी भक्कम पुरावा आहे.

युद्ध संपले आणि प्रश्न पालटला. ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटन आणि अमेरिकेने लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. वॉर्साचे नवे सरकार मुलांवर हक्क सांगू लागले. मुलाचे राष्ट्रीयत्व कोणते, त्याच्या वतीने कोण बोलणार, त्याला परत जायची भीती वाटते हे कुणाच्या शब्दावर मानायचे, असे सारे प्रश्न एकदम पुढे आले. जामसाहेब, ब्रिटिश संपर्क अधिकारी लेफ्टनंट कर्नल जेफ्री क्लार्क आणि फादर फ्रान्सिशेक प्लुता यांनी बालाचडीच्या अनाथ मुलांना कायदेशीररीत्या दत्तक घेऊन त्यांचे पालकत्व स्वतःकडे घेतले. दत्तकपत्र हा कागद अनेक घरांत वारसा चालवण्यासाठी झालेला आहे; इथे तो मुलांना इच्छेविरुद्ध परत पाठवण्यापासून वाचवण्यासाठी झाला. बालाचडीची छावणी बंद झाल्यावर उरलेली मुले वळिवड्याला आली. १ जुलै १९४७ पासून काम सुरू केलेल्या आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेच्या घटनेत मायदेशाबाहेर असलेल्या, आईवडील मेलेल्या किंवा बेपत्ता झालेल्या मुलांचा उल्लेख स्वतंत्रपणे केलेला होता. सोळा वर्षांपर्यंतच्या अशा मुलांना आधी मदत द्यायची, पण राष्ट्रीयत्व ठरवता आले तर साधारणपणे मायदेशी पाठवायचे, असे त्यात म्हटले होते. मूल काय म्हणते, हे विचारायची तरतूद त्या वाक्यात नव्हती. टांगानिकातल्या टेंगेरू छावणीतली पोलिश अनाथ मुले १९४९ मध्ये कॅनडाला नेली गेली तेव्हा वॉर्सा सरकारने मुले पळवल्याचा आरोप केला. वळिवड्याची छावणी १९४८ मध्ये रिकामी झाली, आणि माणसे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, पोलंड अशी पांगली.

त्या बराकी फार काळ ओस राहिल्या नाहीत. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांना तिथे वसवण्यात आले. तीच आजची गांधीनगरची कापड बाजारपेठ. कल्याणच्या लष्करी छावण्यांतून ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगरची पायाभरणी झाली. औरंगाबादेतही सिंधी वस्ती झाली. या निर्वासितांना भारतात राहायचा हक्क सिद्ध करावा लागला नाही. त्यांना सिद्ध करायची होती मागे राहिलेली मालमत्ता. १९५० च्या कायद्याखाली त्यांनी ‘क्लेम’ भरले, क्लेम अधिकाऱ्यांनी ते तपासले आणि १९५४ च्या कायद्याने भरपाई ठरली. कागद नसलेल्यांचे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या साक्षींवर भागवले जाई, आणि एका गावचे लोक एकत्र बसवून एकमेकांचे म्हणणे पडताळून पाहण्याची पद्धत पंजाबात चांगली चालली. पण ही सारी व्यवस्था घराच्या कर्त्या माणसासाठी होती. मूल तिच्यात आले तर अज्ञान वारस म्हणून, पालकाच्या नावाआड.

मुलांची थेट चौकशी करणारा त्या काळातला कायदा दुसराच होता, आणि तो महाराष्ट्रात लागू नव्हता. पळवून नेलेल्या व्यक्तींच्या सुटकेसाठी १९४९ मध्ये झालेल्या या कायद्याने १ मार्च १९४७ नंतर कुटुंबापासून तुटलेल्या आणि दुसऱ्या धर्माच्या घरात सापडलेल्या सोळा वर्षांखालच्या मुलग्यांना आणि कोणत्याही वयाच्या मुली-स्त्रियांना ताब्यात घेता येत होते. वाद झाला तर निर्णय द्यायचा दोन पोलीस अधीक्षकांनी, एक भारताचा आणि एक पाकिस्तानचा. १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. मुलाची किंवा मुलीची इच्छा विचारात घेण्याचे बंधन त्यात नव्हते. ज्यांच्या कल्याणासाठी कायदा केला त्यांनाच तो मुके धरून चालला, हे त्याचे मोठे वैगुण्य होते.

मराठवाड्यानेही या काळात निर्वासित पाहिले. रझाकारांच्या दहशतीने १९४७-४८ मध्ये अनेक कुटुंबे संस्थानाची हद्द ओलांडून सोलापूर, बार्शी, नगर, बुलढाण्याकडे गेली. त्यातल्या मुलांकडे कुणी दावा मागितला नाही, कारण पलीकडेही मराठी मुलूखच होता आणि सोयरेधायरे होते. पुराव्याचा प्रश्न आला तो पुष्कळ वर्षांनी, स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनाच्या वेळी. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात म्हटले की अशा दाव्यांना फौजदारी खटल्यासारखा निर्विवाद पुरावा मागू नये, संभाव्यता पाहावी. नंतर बीड जिल्ह्यातली बोगस प्रकरणे गाजली, त्यांच्या चौकशीसाठी पालकर आयोग नेमला गेला आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच फसवणुकीविरुद्ध कठोर भूमिका घेतली. एकाच प्रकारच्या दाव्यांत पुराव्याचे माप आधी सैल झाले आणि मग आवळले. खऱ्यांना पुराव्याअभावी डावलले जाऊ नये आणि खोट्यांना सैल मापाचा फायदा मिळू नये, ही दोन्ही टोके सांभाळणे निर्वासितांच्या दाव्यांतही तितकेच कठीण जाते.

जगाच्या पातळीवर २८ जुलै १९५१ च्या करारात निर्वासिताची व्याख्या ठरली. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होईल अशी सकारण भीती, हा तिचा गाभा. वयाचा त्यात उल्लेख नाही. मूलही त्या व्याख्येत बसते. पण मुलाची भीती ‘सकारण’ आहे हे दाखवायचे कसे, याचे मार्गदर्शन १९७९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या पुस्तिकेने दिले. तथ्ये शोधण्याची जबाबदारी अर्जदार आणि तपासणारा अधिकारी अशा दोघांची आहे, आणि हातात येईल तेवढा पुरावा पाहून झाल्यावर सांगणे एकूण सुसंगत वाटत असेल तर संशयाचा फायदा द्यावा, असे ती सांगते. मुलांसाठी ती आणखी पुढे जाते: मुलाची समज किती पिकली आहे ते पाहावे, समज अपुरी असेल तर त्याच्या मनातल्या भीतीपेक्षा बाहेरच्या परिस्थितीवर भर द्यावा, आणि संशयाचा फायदा उदारपणे द्यावा. संयुक्त राष्ट्रांच्या उच्चायुक्तालयाने डिसेंबर २००९ मध्ये मुलांच्या दाव्यांसाठी स्वतंत्र सूचना काढल्या. सक्तीची सैन्यभरती, बालविवाह, मुलांची विक्री अशा फक्त मुलांच्याच वाट्याला येणाऱ्या छळाची त्यांत नोंद आहे.

भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. परक्या नागरिकांना १९४६ चा कायदा लागू होता, आणि त्यात आपण परके नाही हे दाखवण्याचा भार त्या व्यक्तीवरच होता. २०२५ च्या नव्या कायद्यातही तो तसाच राहिला. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात मात्र भारत ११ डिसेंबर १९९२ रोजी सामील झाला. त्याचे बारावे कलम मुलाचे म्हणणे ऐकून त्याच्या वयाप्रमाणे वजन द्यायला सांगते, आणि बाविसावे कलम निर्वासित मुलांच्या संरक्षणाचे आहे. केंद्राच्या गृह खात्याने २९ डिसेंबर २०११ रोजी निर्वासित असल्याचा दावा करणाऱ्या परदेशी व्यक्तींसाठी कार्यपद्धती ठरवली. दाव्यात सकृद्दर्शनी तथ्य दिसले तर राज्याने तीस दिवसांत केंद्राकडे दीर्घ मुदतीच्या व्हिसाची शिफारस करावी, असा तिचा आराखडा आहे. तिबेटी आणि श्रीलंकेच्या निर्वासितांची नोंद सरकार करते. अफगाण, म्यानमारच्या आणि इतर काही देशांच्या लोकांची पडताळणी उच्चायुक्तालयाचे दिल्लीतले कार्यालय करते.

मुलाच्या शब्दाला किंमत द्यायला भारतीय न्यायालये त्या मानाने लवकर शिकली होती. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ११८ ने साक्षीदाराला वयाची अट घातली नाही. प्रश्न समजून सयुक्तिक उत्तर देता आले की पुरे. शपथेविषयीच्या १९६९ च्या कायद्याने बारा वर्षांखालच्या मुलाला शपथेतून सूट देण्याची सोय ठेवली. महाराष्ट्रातल्या एका खून खटल्यात १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मूल सक्षम आणि विश्वासार्ह वाटले तर त्याच्या एकट्याच्या साक्षीवरही शिक्षा टिकते. आधाराचा दुसरा पुरावा शोधणे हा सावधपणाचा भाग आहे. मुलाच्या शब्दावर माणसाला जन्मठेप होऊ शकते, तर त्याच शब्दावर त्याला आसरा मिळू नये, ही विसंगती आहे.

वयाच्या बाबतीत मात्र न्यायालयांनी कागद वर ठेवला, आणि शरीराचा पुरावा कमी भरवशाचा ठरवला. मनगट, कोपर, खांदा आणि ओटीपोटाच्या हाडांचे एक्स-रे काढून वाढीची टोके कितपत जुळली आहेत ते पाहणे, ही ऑसिफिकेशन चाचणी. तिच्यात दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच नोंदवले. म्हणजे सोळा वर्षांचे मूल अठराचे ठरू शकते. कुपोषणाने, आजाराने हाडांची वाढ मागे पडते. उपाशी प्रवास करून आलेल्या मुलाच्या बाबतीत चुकीचा धोका अधिकच. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ ने क्रम घालून दिला. पाहताक्षणीच लहान दिसणाऱ्या मुलाचे वय बाल कल्याण समितीने सरळ नोंदवावे. शंका असेल तर आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तेव्हाच वैद्यकीय चाचणी, तीही पंधरा दिवसांत. आधार कार्डावरची जन्मतारीख पुरावा म्हणून पुरेशी नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पष्ट केले. कागद न मिळाल्याचा परिणाम किती भीषण होऊ शकतो, हे पुण्यातल्या १९९४ च्या खून खटल्यातल्या एका आरोपीच्या बाबतीत दिसले. तो सज्ञान म्हणून नोंदला गेला आणि त्याला फाशीची शिक्षा झाली. राजस्थानातल्या शाळेच्या नोंदीवरून तो गुन्ह्याच्या वेळी साडेबारा वर्षांचा होता, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०२३ रोजी मान्य केले, तेव्हा त्याची अठ्ठावीस वर्षे तुरुंगात गेली होती. ती शाळा याच देशात होती. काबूल किंवा सानामधल्या शाळेचे रजिस्टर कुणी मागवून आणायचे?

जन्माच्या जागेचा आणि तारखेचा पुरावा उलट दिशेनेही चालतो. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावला १९७२ पासून नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. तिथे जन्मलेली मुले निर्वासितांची मुले म्हणून वाढली. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेले मूल, आईवडील कुठलेही असोत, जन्माने भारतीय असते. डिसेंबर २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हे तिबेटी व्यक्तीलाही लागू केले. त्यामुळे ज्या मुलाच्या जन्माची नोंद ग्रामपंचायतीत वेळेवर झाली त्याच्या हाती नागरिकत्वाचा पुरावा आला, आणि ज्याची झाली नाही त्याची धडपड सुरू झाली. ११ मार्च २०२४ च्या नागरिकत्व नियमांनीही कागदांची लांबलचक यादी दिली आहे. पाकिस्तान, अफगाणिस्तान किंवा बांगलादेशातून आल्याचे दाखवायला आजोबा-पणजोबांचे कागदही चालतात, मुदत संपलेलेही चालतात. मात्र ही सवलत मुस्लिमेतर सहा धर्मांच्या अर्जदारांपुरतीच आहे.

आज पडेगावच्या रस्त्यावर कागद नसलेले एखादे परदेशी मूल एकटे सापडले, तर कायद्याने त्याला चोवीस तासांत जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे न्यायला हवे. कागद नसतील आणि वयाविषयी शंका असेल तर ते चाचणीसाठी घाटीत, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, जाईल. परदेशी नागरिक म्हणून त्याची नोंद पोलिसांकडे होईल, निर्वासित म्हणून पडताळणी दिल्लीत होईल, आणि वाद न्यायालयात गेला तर ऑगस्ट १९८१ पासून चालू असलेल्या औरंगाबाद खंडपीठापुढे येईल. एकाच मुलाचा जबाब इतक्या ठिकाणी घेतला जातो. प्रत्येक ठिकाणी प्रश्न वेगळा, दुभाषा वेगळा, विचारणारा वेगळा. बंगाली किंवा पश्तू बोलणाऱ्या मुलाने पहिल्या दिवशी घाबरून हिंदीत काय सांगितले आणि सहा महिन्यांनी स्वतःच्या भाषेत काय सांगितले, यात फरक पडणारच. तो फरक पुढे विसंगती म्हणून मुलाच्याच अंगावर येतो. पहिला जबाब शक्यतो मुलाच्या भाषेत, ओळखीच्या माणसाच्या उपस्थितीत घ्यावा, विचारलेले प्रश्न आणि दिलेली उत्तरे दोन्ही जशीच्या तशी लिहावीत, आणि पुन्हा पुन्हा तेच विचारण्याऐवजी आधीची नोंद पुढच्या कचेरीला द्यावी, एवढी काळजी घेतली तरी यातला बराच घोळ टळतो. त्याला नव्या कायद्याची गरज नाही.

वय ठरवणे इथे सर्वांत निर्णायक होऊन बसते. अठरा पूर्ण झाली की समितीचे मुख्य संरक्षण संपते. एकविसाव्या वर्षापर्यंत देखभालीची तरतूद आहे, पण निर्वासित म्हणून त्याचा दावा त्या दिवसापासून मोठ्या माणसाचा समजून तपासला जातो आणि पुराव्याचा भार त्याच्यावर येतो. म्हणून समितीने मुलाच्या लहानपणी केलेली नोंद, त्यात लिहिलेले गावाचे नाव, भावंडांची नावे, वाटेचे वर्णन, अंगावरच्या व्रणांची डॉक्टरांनी केलेली टिपणे, हेच पुढे त्याच्या हातातले एकमेव कागद ठरतात. मुलांच्या कित्येक दाव्यांचा निकाल त्या फाइलच्या पहिल्या दोन-तीन पानांवर लागतो. ती पाने लिहिण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात प्रशिक्षित माणूस आणि मुलाची भाषा जाणणारा दुभाषा असणे हे आज तातडीचे काम आहे.